गाडीचा पंखा, रोह्याचे मेस्त्री आणि मायकल फॅराडे

गेल्या वर्षी हरतालिकेच्या दुपारी आम्ही पेणहून रोह्याला गणपती घेऊन चाललो होतो. मागच्या सीटवर शाडूची मूर्ती, दोन्ही बाजूंनी उशा लावलेली, शेजारी आजी. स्टिअरिंगवर मी, बाजूला बाबा. गाडी बाबांची, 2003 सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक. वडखळला नेहमीचा जाम लागला आणि दहा मिनिटांत टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला.

अशा वेळी काय करायचं हे मला माहीत होतं. एसी बंद केला आणि हीटर फुल्ल. हीटर म्हणजे खरं तर डॅशबोर्डच्या आतला एक छोटा रेडिएटरच. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं, त्यामुळे तो चालू केला की इंजिनची थोडी उष्णता आपल्या अंगावर येते. भाद्रपदातल्या उकाड्यात तोंडावर गरम वारा आल्यावर आजीने पहिल्यांदा बाप्पाच्या रंगाची चौकशी केली, मग माझ्या डोक्याची. काटा मात्र लाल रेघेच्या जरा खाली थांबला.

जाम सुटला, नागोठण्याकडे गाडीने वेग घेतला आणि काटा आपोआप खाली आला. मित्रांनो, गाडी कधी तापली तर ही गोष्ट लक्षात ठेवा. उभी असताना तापते आणि पळताना थंड होते, म्हणजे संशय पंख्यावर. पळत्या गाडीत समोरचा वारा रेडिएटरमधून जातो, पंख्याची गरज पडत नाही. उभ्या गाडीत वारा आणायचं काम एकट्या पंख्याचं. उलट गाडी वेगात असतानाच तापत असेल तर पाणी, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, चोक झालेला रेडिएटर असं काहीतरी बघावं लागतं.

रोह्यात ओळखीच्या मेस्त्रींचं गॅरेज आहे. मूर्ती गाडीतच ठेवून बॉनेट उघडलं. इंजिन गरम, तरी पंखा गप्प. मेस्त्री दुसऱ्या गाडीखाली होते, तोवर मी माझी इंजिनिअरिंगची डिग्री वापरली. फ्यूज बघितला, ठीक. एसी लावला तर रिलेची टक ऐकू आली. पंख्याचा सॉकेट काढून त्यात मल्टिमीटर लावला, बारा व्होल्टच्या वर दाखवत होता. करंट येतोय, पंखा फिरत नाही, म्हणजे मोटर गेली. नवीन टाकावी लागणार, असं मी बाबांना सांगूनही टाकलं.

मेस्त्रींनी माझ्या मीटरकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी दोन वायरी जोडलेला हेडलाइटचा एक जुना बल्ब आणला आणि त्याच सॉकेटला लावला. बल्ब लख्ख पेटला. मग मोटरची पिन परत बसवली, पान्याच्या दांड्याने मोटरच्या पाठीवर हलकेच दोन टोले दिले. पंखा गरगर फिरायला लागला. कार्बन संपलेत, मोटर चांगली आहे, सणानंतर आणा, तोवर अडली तर टोला मारा, एवढं सांगून ते परत गाडीखाली गेले.

बल्बचं कारण मला नंतर कळलं. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायर आतून गंजून एका तारेवर तग धरून असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो. हेडलाइटचा बल्ब चार-पाच अँपिअर ओढतो, त्यामुळे वायर कमजोर असेल तर तो मिणमिणतो. मी व्होल्टेज बघितलं होतं, त्यांनी वायरीची ताकद बघितली.

आणि टोला? तो का चालला, हे समजून घ्यायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागेल. एका लोहाराच्या मुलाकडे.

पुस्तकं बांधणारा पोरगा

मायकल फॅराडेचा जन्म 22 सप्टेंबर 1791 चा, लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स इथला. वडील लोहार, तेही सतत आजारी. शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तक विक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला आणि पुढच्या वर्षी तिथेच बुकबाइंडिंगचा उमेदवार झाला. सात वर्षांचा करार.

बाइंडिंगला येणारी पुस्तकं तो शिवायचा आणि शिवता शिवता वाचायचा. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख त्याने असाच वाचला. वाचून थांबला नाही, बाटल्या आणि सटरफटर सामान जमवून स्थितिक विजेचं छोटं यंत्र केलं. विज्ञानाच्या व्याख्यानांना जायला एक शिलिंग लागायचा, तो थोरला भाऊ रॉबर्ट द्यायचा. रॉबर्टही लोहारच.

1812 मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे तेव्हाचा सुपरस्टार शास्त्रज्ञ. फॅराडेने चार व्याख्यानं ऐकली, नोट्स काढल्या, घरी येऊन त्या पुन्हा लिहिल्या, आकृत्या काढल्या आणि सुमारे तीनशे पानांचं पुस्तक स्वतःच्या हाताने बांधून डेव्हीला पाठवलं. नोकरी लगेच मिळाली नाही. काही महिन्यांनी डेव्हीचा प्रयोगशाळेतला मदतनीस मारामारी करून नोकरी घालवून बसला, तेव्हा 1 मार्च 1813 ला फॅराडे आत आला. बाटल्या धुणं, उपकरणं मांडणं, हे काम.

त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या दौऱ्यावर निघाला. नोकराने ऐनवेळी नकार दिला, म्हणून फॅराडेला मदतनीस आणि नोकर अशा दोन्ही भूमिका कराव्या लागल्या. डेव्हीची बायको त्याला नोकरांच्या पंगतीलाच बसवायची. त्या दीड वर्षात त्याने पॅरिसला अँपिअर बघितला, मिलानला व्होल्टा बघितला. आपल्या मोबाइल चार्जरवर छापलेली दोन युनिटं त्याने हाडामांसाची पाहिली.

फिरणाऱ्या तारेला वीज द्यायची कशी

1820 मध्ये डेन्मार्कच्या ऑरस्टेडला दिसलं की तारेतून करंट गेला की जवळची होकायंत्राची सुई हलते. युरोपभर धावपळ सुरू झाली. वुलस्टन नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या डोक्यात आलं की तार स्वतःभोवती फिरायला हवी. डेव्हीबरोबर त्याने प्रयोग केला, तार फिरली नाही.

फॅराडेला तोवर कोणी शास्त्रज्ञ मानत नव्हतं. एका मासिकासाठी या विषयाचा आढावा लिहायचं काम त्याच्याकडे आलं. लिहायचं म्हणून त्याने प्रत्येकाचा प्रयोग स्वतः करून बघितला. ही त्याची कायमची सवय होती. दुसऱ्याने सांगितलेलं, हाताने करून बघितल्याशिवाय त्याला पटायचं नाही.

सप्टेंबर 1821. आपल्याकडे पेशवाई बुडून तीन वर्षं झाली होती. फॅराडेने एका भांड्यात मेण घालून त्यात लोहचुंबक उभा केला आणि वर पारा ओतला. वरून एक तार अशी टांगली की तिचं टोक पाऱ्यात बुडेल. बॅटरीचं एक टोक तारेला, दुसरं पाऱ्याला. करंट सुरू झाला आणि तार चुंबकाभोवती गोल गोल फिरायला लागली. करंट आहे तोवर फिरतच राहिली. बायकोचा धाकटा भाऊ जॉर्ज तिथे होता. फॅराडे टेबलाभोवती नाचल्याची आठवण त्याने पुढे सांगितली.

आता पाऱ्याकडे बघा. बहुतेक पुस्तकं इथे चुंबकीय बलाबद्दल सांगून पुढे जातात, पण मला खरी गंमत पाऱ्यात वाटते. तार फिरायला हवी म्हणजे ती कुठे पक्की जोडून चालणार नाही. आणि करंट वाहायला हवा म्हणजे ती जोडलेली हवीच. जोडलेलीही हवी आणि मोकळीही. पारा द्रव असून वीज वाहून नेतो, म्हणून तारेचं टोक त्यात बुडून फिरू शकलं. फिरणाऱ्या वस्तूला वीज पोचवायची कशी, या अडचणीवर पहिल्या मोटरमध्ये पारा हे उत्तर होतं. आमच्या गाडीच्या पंख्यात तेच काम कार्बन करतो, आणि बिघाडही नेमका तिथेच होता.

अर्थात फॅराडेच्या भांड्यातून कुठलाही पंखा फिरला नसता. चुंबकांच्या मध्ये तारांची गुंडाळी फिरवायची आणि दर अर्ध्या फेरीला करंटची दिशा उलटवायची, ही कम्युटेटरची युक्ती 1830 च्या दशकात इतरांनी बसवली. कम्युटेटरवर घासत राहणारे तुकडे सुरुवातीला तांब्याच्या तारांच्या जुडीचे, खरोखर कुंचल्यासारखे होते, म्हणून त्यांना ब्रश हे नाव पडलं. कार्बन बराच उशिरा आला, पण नाव तेच राहिलं. आमच्याकडच्या गॅरेजमध्ये मात्र सगळे कार्बनच म्हणतात, आणि तेच बरोबर आहे.

या शोधाने फॅराडेला आधी प्रसिद्धी दिली नाही, बदनामी दिली. निबंध घाईने छापला आणि त्यात वुलस्टनचा उल्लेख राहिला. मदतनिसाने साहेबाची कल्पना चोरली, अशी कुजबुज सुरू झाली. वुलस्टनची कल्पना तार स्वतःभोवती फिरण्याची होती, फॅराडेची चुंबकाभोवती. फरक स्पष्ट होता. पण डेव्हीने शिष्याची बाजू घेतली नाही. पुढे रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी फॅराडेचं नाव आलं तेव्हा अध्यक्ष असलेल्या डेव्हीनेच विरोध केला. 1824 च्या जानेवारीत मतदान झालं, विरोधात एकच मत पडलं. फॅराडे आयुष्यभर डेव्हीबद्दल आदरानेच बोलत राहिला. मला हे जमलं नसतं.

मोटर उघडली तेव्हा

गौरी-गणपती गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं. हे तुम्हीही करा. बऱ्याच गाड्यांत चावी बंद असतानाही इंजिन गरम असेल तर पंखा अचानक सुरू होतो, आणि तेव्हा बोटं आत असतील तर विचारायलाच नको. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये, हे तर सगळ्यांना माहीत असतं, तरी दर उन्हाळ्यात कोणीतरी भाजून घेतंच.

पंख्याची जाळी चार बोल्टवर बाहेर आली. पातं काढलं, मोटरचं मागचं झाकण उघडलं. काळी भुकटी सांडली. दोन कार्बन, दोन्ही झिजून नखाएवढे उरलेले. मागच्या स्प्रिंगची पोच संपली होती, त्यामुळे कार्बन कम्युटेटरला टेकत होता-नव्हता. टोला मारला की हादऱ्याने क्षणभर टेकायचा, मोटर फिरायची आणि मग फिरत्या मोटरच्या थरथरीत कसाबसा टेकत राहायचा. थांबली की पुन्हा बोंब.

मोटर उघडण्याआधी माझ्या समाधानासाठी मी एक प्रयोग केला होता. सुटलेल्या मोटरच्या दोन पिनांना मीटर लावून पातं हाताने जोरात फिरवलं. आकडा हललाच नाही. नवे कार्बन बसवल्यावर तेच केलं तर मीटरने व्होल्टेज दाखवलं. आत कायमचे लोहचुंबक असलेल्या मोटरला हाताने फिरवलं की ती जनरेटर होते. हा शोधही फॅराडेचाच, फक्त दहा वर्षांनंतरचा.

मधली वर्षं वाया गेली असं म्हणवत नाही, पण रॉयल सोसायटीने त्याला दुर्बिणीच्या काचा सुधारायच्या कंटाळवाण्या कामाला बरीच वर्षं जुंपलं होतं. 1829 मध्ये डेव्ही वारला. 29 ऑगस्ट 1831 ला फॅराडेने लोखंडी कड्यावर दोन बाजूंना तारेच्या दोन गुंडाळ्या केल्या. एकीत बॅटरीचा करंट सोडला, दुसरीला सुई जोडली. करंट सुरू करताना सुई हलली आणि परत जागेवर आली. बंद करताना पुन्हा हलली, उलट्या दिशेला. मधल्या वेळात काही नाही. म्हणजे वीज चुंबकत्वाने नाही, चुंबकत्व बदलण्याने निर्माण होते. तुमचा फोन वायरलेस चार्जरवर ठेवता तेव्हा एका गुंडाळीतून दुसरीत वीज जाते ती याच नियमाने. ऑक्टोबरमध्ये त्याने गुंडाळीत चुंबक आत-बाहेर करून बघितला, मग मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून सलग करंट मिळवला. तो करंट चकतीतून घ्यायला पुन्हा तेच करावं लागलं, फिरत्या कडेला घासणारा एक तुकडा टेकवणं. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ मुंबईत निघालं ते यानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, 6 जानेवारी 1832 ला.

याच नियमामुळे अडकलेला पंखा फ्यूज उडवतो. मोटर फिरत असताना ती जनरेटरसारखी उलटं व्होल्टेजही तयार करत असते, त्यामुळे करंटला लगाम बसतो. शंभर वॉटचा पंखा असेल तर आठ-नऊ अँपिअर. पात्यात काडी अडकली किंवा बुश जॅम झाला की उलटं व्होल्टेज नाही, लगाम नाही, करंट कित्येक पट. म्हणून फ्यूज उडाला की त्याहून मोठा फ्यूज टाकू नका, आधी पातं हाताने मोकळं फिरतंय का बघा.

रिलेचंही तसंच. मेस्त्रींनी आमचा रिले उघडून दाखवला. आतले पॉइंट काळे पडलेले. गुंडाळीचा करंट तोडताना ठिणगी पडते आणि प्रत्येक ठिणगी धातूचा कण खाते. लांब गुंडाळी तोडताना मोठी ठिणगी का पडते, हे फॅराडेने 1834 मध्ये तपासलं होतं.

कम्युटेटर मेस्त्रींनी झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने साफ केला, पट्ट्यांमधल्या खाचांतली भुकटी मोडक्या हॅकसॉ ब्लेडच्या टोकाने काढली. ती राहिली तर शेजारच्या पट्ट्या आपसात शॉर्ट होतात. आर्मेचरच्या प्रत्येक पट्टीचा कंटिन्युइटी टेस्ट मी मीटरवर केला, निदान तेवढं काम मला मिळालं. बुशला तेलाचा एकच थेंब. जास्त घातलं तर ते कार्बनवर येतं. नवे कार्बन थोडे घासून मापात आणले, स्प्रिंग बदलली. मेस्त्रींचा सोळा-सतरा वर्षांचा मदतनीस पूर्ण वेळ बाजूला उभा होता, एक शब्द न बोलता. मोटर बंद करताना मेस्त्रींनी ती त्याच्या हातात दिली, आणि त्याने ती न विचारता बरोबर जोडली.

दीपस्तंभांचा डॉक्टर

फॅराडेला गणित येत नव्हतं. ही नम्रता नाही, खरोखर येत नव्हतं. त्याच्या हजारो पानांच्या लिखाणात समीकरणं शोधून सापडत नाहीत. त्याऐवजी तो प्रत्येक प्रयोग क्रमांक देऊन वहीत लिहायचा, फसलेलाही. शेवटचा क्रमांक 16041 आहे. मी रोज सॉफ्टवेअरचे बग शोधतो. काय करून बघितलं आणि काय चाललं नाही, हे न लिहिल्यामुळे तोच रस्ता तीनदा चाललोय, म्हणून हा आकडा मला घाबरवतो. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस जसा रेषांत बसतो, तशा बलरेषा सगळ्या अवकाशात पसरलेल्या असतात, अशी त्याची कल्पना होती. गणितज्ञांनी ती फारशी मनावर घेतली नाही. 1850 च्या दशकात तरुण मॅक्सवेलने तिला गणितात बसवलं, आणि त्यातूनच पुढे रेडिओ लहरींचा सिद्धांत आला. तुमच्या हातातला सिग्नल तिथून आलाय.

1836 पासून जवळजवळ तीस वर्षं तो इंग्लंडच्या दीपस्तंभांचा वैज्ञानिक सल्लागार होता. आयुष्याचा हा भाग कमी सांगितला जातो आणि मला सगळ्यात जवळचा वाटतो. तेल तपासायचं, काचा तपासायच्या, दिवे तपासायचे. तेलाच्या दिव्यांचा धूर आणि वाफ काचेच्या आत धरायची, उजेड मंद व्हायचा. फॅराडेने धूर बाहेर काढणारी चिमणी तयार केली. तिचं पेटंट स्वतः घेतलं नाही, भाऊ रॉबर्टच्या नावावर केलं. तोच रॉबर्ट, शिलिंग देणारा. पुढे विजेचे दिवे दीपस्तंभावर लावून बघायची वेळ आली, तेव्हा सत्तरीला आलेला फॅराडे बर्फ तुडवत ते तपासायला गेला. त्या दिव्यांना वीज पुरवणारी यंत्रं त्याच्याच 1831 च्या प्रयोगावर चालणारी होती.

क्रिमियाच्या युद्धात सरकारने विषारी वायूबद्दल त्याचा सल्ला मागितला. तयार करता येईल, पण मी त्यात हात घालणार नाही, असं त्याने कळवलं. सर ही पदवी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद दोनदा नाकारलं. मुलांसाठी नाताळातली व्याख्यानं मात्र त्याने एकोणीस वेळा दिली.

उतारवयात स्मरणशक्ती त्याला दगा देत गेली. काल काय केलं ते आज आठवेना, मग क्रमांकांच्या वह्याच कामी यायच्या. राणी व्हिक्टोरियाने हॅम्प्टन कोर्टजवळ राहायला घर दिलं होतं. 25 ऑगस्ट 1867 ला तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. त्याच वर्षी आपल्या रायगडच्या समुद्रात खांदेरी बेटावर दीपस्तंभ बांधून पूर्ण झाला. थळच्या किनाऱ्यावरून तो आजही दिसतो.

आता नव्या गाड्यांमध्ये ब्रशलेस पंखे येतायत. त्यात कार्बन नाही, कम्युटेटर नाही. गुंडाळ्या जागेवर, चुंबक फिरतो आणि करंट उलटवायचं काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं. पाऱ्यापासून चालत आलेली घासण्याची अडचण तिथे संपली. पण त्यातलं सर्किट गेलं तर टोला मारून काही होत नाही, पूर्ण युनिटच बदलावं लागतं. मेस्त्रींना ते पंखे आवडत नाहीत.

नव्या मोटरची किंमत मी फोनवर काढून ठेवली होती. कार्बन, स्प्रिंग, रिले आणि मजुरी धरून त्याच्या पाव भागात काम झालं. दुसऱ्या दिवशी पुण्याला परत निघालो. वडखळला पुन्हा जाम. बाबांनी गाणी बंद करायला लावली. गाडी उभी, काटा अर्ध्याच्या थोडा वर. आधी रिलेची टक, मग बॉनेटखालून घरघर, आणि दोनेक मिनिटांत काटा खाली. बाबांनी गाणी परत लावली.